इहिरीची खबर

आमच्या तालुक्याच्या गावाला तारऑफिस व्हतं, पण त्या तारेवर चिमण्या जास्ती बसायच्या आन खबरा कमी यायच्या. टेलिफोन कशाला म्हणतात ते आमी ऐकून व्हतो. खेड्यात कुणाला साप चावला, कडब्याच्या गंजीला आग लागली, नाल्याच्या पुरात कुणी अडकलं, तर आमचा टेलिफोन म्हंजे येसकराचे पाय. येसकर म्हंजे गावच्या येशीचा राखणदार. सरकारी निरोप त्यानंच न्यायचा, लग्नाचा सांगावा त्यानंच सांगायचा आन मढ्याची खबर बी त्यानंच द्यायची.

निजामाच्या राज्यातले शेवटचे दिवस ते. एका उन्हाळ्यात पटकी आली. पाच-सहा खेड्यांतून येसकर पळत आले, पण जायचं कुणाकडं हेच त्यांना ठाऊक न्हवतं. एक तहसीलीच्या व्हरांड्यात दुपारभर बसून ऱ्हायला, एक दवाखान्याच्या बंद दाराशी. खबर गावात पोचली, पण माणसापाशी पोचली न्हाई. त्या उन्हाळ्यानंतर तहसीलीतल्या एका रिटायर पेशकारानं, म्हंजे मोठ्या कारकुनानं, चार व्यापारी आन डॉक्टरसाहेब गोळा केले आन धर्मशाळेच्या बाजूची एक खोली घेतली. खबर कुठूनबी येवो, यायची इथंच. मदत कुठंबी जावो, सुटायची इथूनच. लोक त्याला खबर-ठाणं म्हणायला लागले. पेशकाराला सगळे मुनशीजी म्हणायचे, मी बी.

ठाण्यात मधोमध रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगला व्हता आन बाजूला हातोडी. एक टोला पडला की धर्मशाळेच्या मागं टांगा जुपायचा. दोन पडले की आगीसाठी पाण्याच्या पिपांच्या गाड्या. तीन म्हंजे नदीकाठचे भोई, पोहणारे. चार म्हंजे वडार, दगड फोडणारी, इहिरी खांदणारी माणसं. त्यांचा तळ आमच्या मागच्याच माळावर व्हता. भिंतीवर मुनशीजीनं कोळशानं सगळी खेडी काढली व्हती, कोणत्या वाटेनं टांगा जातो, कुठं बैलगाडीच पायजे, कुठला नाला दोन सरींत भरतो, सगळं.

त्यांचा कायदा एकच. धापा टाकत माणूस दिसला की आधी एक टोला मारायचा, मंग सवाल इचारायचे. सवाल पाच: कुठं, काय, किती माणसं, कवापासून, वाट कशी हाय.

टांगेवाले चाचा या कायद्यावर लई चिडायचे. "मुनशीजी, घोडा है मेरा के घडी का कांटा? घडी घडी कायकू हिलाते?"

मुनशीजी म्हणायचे, "चाचा, जुपलेला घोडा सोडता येतो. बाकीचं काई परत येत न्हाई."

आता मी तिथं कसा लागलो, तर माझ्या तोंडामुळं. मी मिडल नापास. शाळेत मास्तर उर्दूत शिकवायचे आन आमी मराठीत विसरायचो. मला इद्या एकच यायची, नकला. हेडमास्तरची शिंक मी अशी काढायचो की मागच्या बाकावरची पोरं उठून उभी ऱ्हायची. देवी टोचणाऱ्याचा आवाज काढला की गल्लीतली लेकरं माळावर पळायची आन त्यांच्या आया मला शिव्या घालायच्या. तहसीलदारसाहेबाची उर्दू तर मी त्यांच्यापेक्षा चांगली बोलायचो, निस्ता अर्थ कळत न्हवता.

घरचे म्हणायचे, हे पोरगं तमाशात जाणार. मुनशीजीनं मला ऐकलं आन ठाण्यावर बोलावलं. त्यांना माझ्या नकलेचं काम व्हतं. ते चोवीस घंटे ठाण्यावर बसू शकत न्हवते; खेड्यांत फिरायचे, पाटलांना समजून सांगायचे, वाटा बघायचे. माघारी आले की मला म्हणायचे, "निस्ती खबर नको. कशी सांगितली ते म्हण."

मंग मी येसकर व्हायचो. धाप, खोकला, मधेच थुंकी गिळणं, सगळं. मुनशीजी डोळे मिटून ऐकायचे आन वहीत लिहायचे. कधी म्हणायचे, "हा घाबरलेला न्हाई. पाटलानं पढवून पाठवलाय, आग त्यांच्याच गंजीला लागली असंल." कधी म्हणायचे, "हे सांगताना तो मधे थांबला का? मंग डॉक्टरला सांगा, बाई लई वाईट हालतीत हाय." आन तसंच निघायचं. सगळ्या तालुक्याचे आवाज माझ्या घशात व्हते. वीस वर्साच्या माणसाला आणखी काय लागतं? मी मिशीला तूप लावून हिंडत व्हतो.

आमच्यापासून दोन कोसावर एक खेडं व्हतं. त्याचा येसकर पस्तिशीचा, वाळलेला, उंच. पळण्यात त्याचा हात कुणी धरत न्हवतं. चाचा म्हणायचे, "ये आदमी नहीं, मेरे घोडे का बडा भाई है." पण त्याची जीभ अडखळायची. वाटेनं येताना तो काठी आपटत, त्या ठेक्यावर खबर घोकत यायचा. तरी ठाण्याच्या पायरीवर आला की पहिला शब्द अडायचा. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे मिटायचे.

मुनशीजी काय करायचे? टोला मारायचे आन त्याच्याकडं पाठ करायचे. कंदिलाची काच पुसायचे, पाटी धुवायचे, जसं काई त्यांना घाईच न्हाई. "चालू दे तुझं, मी ऐकून राहिलो." आन खबर यायची. सावकाश यायची, पण पुरी यायची. पाची सवालांचे जवाब कुणी न इचारता. तालुक्यात तसा दुसरा येसकर न्हवता.

ठाण्याच्या उंबऱ्याच्या आत यायची मात्र त्याला रीत न्हवती. तो पायरीवर बसायचा आन मी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचो. तवा त्याचं कुणाला काई वाटत न्हवतं. मलाबी न्हवतं वाटत, हे लिहिलंच पायजे.

त्याची नक्कल मी पहिल्यांदा ठाण्यात मुनशीजीसमोर केली ती कामापायी. दुसऱ्यांदा बाजारात केली, ती कामापायी न्हवती. दवाखान्याचा कंपाउंडर माझा दोस्त. माझ्या नकलांचा त्याला नादच व्हता. बाजाराच्या दिवशी त्यानं मला भजाच्या दुकानापुढं उभं केलं आन म्हनला, "येसकर कर. त्यो दोन कोसावाला."

मी केला. काठी आपटली, मान ताणली, डोळे मिटले. "स-स-स-साप..." म्हणून इतका येळ लावला की शेवटी म्हनलं, "...मेला म्हातारा होऊन." लोक लोटपोट. भजावाल्याचा झारा तेलात पडला. आन डोळे उघडले तर समोर, घोळक्याच्या मागं, तोच. तंबाखू घ्यायला आला व्हता.

 त्यानं माझ्याकडं बघितलं आन हासला. "ब-ब-बराबर केलं, मालक."

लोक आणखी हासले. मला वाटलं, चला, परवानगी भेटली.

त्यानंतर तो बाजारात दिसला की लेकरं त्याच्यामागं काठ्या आपटत चालायची. हे मला दिसत व्हतं. मुनशीजीच्या कानावर गेलं तवा ते एवढंच म्हनले, "तुझं तोंड ठाण्याचं हाय. बाजारात काढू नको." मी व्हय म्हनलं आन जागा बदलली. बाजाराऐवजी ठाण्यातच करायला लागलो, मुनशीजी नसताना.

तो दिवस वैशाखातला. मुनशीजी सकाळीच दमणी जुपून, म्हंजे छपराची हलकी बैलगाडी घेऊन, कुरुंद्याकडच्या एका पाटलाला भेटायला गेले व्हते. दुपारी ऊन असं की आतल्या रुळाला बी हात लावला तर भाजंल. ठाण्यात मी, कंपाउंडर आन त्याचे दोघं रिकामे दोस्त. फुटाण्याचा पुडा मधी. मी त्यांना तहसीलदार आन त्याची बायको, दोघांचं भांडण एकट्यानं करून दाखवत व्हतो.

काठीचा आवाज आला. येसकर पायरीपाशी येऊन उभा ऱ्हायला. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, छाती लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली व्हत व्हती.

कंपाउंडर म्हनला, "आला बघ तुझा गुरू!"

इथं मी उठून टोला मारायचा व्हता. हात लांब केला असता तर हातोडी हाताला लागत व्हती. पण मी तहसीलदाराच्या बायकोच्या आवाजातून निघालोच न्हवतो, चेहऱ्यावर तेच हासू, आन तोंडातून आपसूक निघालं, "ब-ब-बोला, मालक!"

तिघं हासले. फुटाणे उडाले.

त्यानं तोंड उघडलं. शब्द अडला. त्यानं काठी आपटली, एकदा, दोनदा. मी आतून, बोटानं, त्याच ठेक्यात वही वाजवली. मला वाटलं मी त्याला मदत करून राहिलोय. खोटं कशाला बोलू, तसं बी वाटलं न्हवतं. मला निस्ती मजा येत व्हती. त्यानं पुन्हा डोळे मिटले. मान ताणली. कंपाउंडरचा एक दोस्त आपल्या मानेला हात लावून तसंच करायला लागला. तिसऱ्या खेपेला निस्ता वारा निघाला.

मंग त्यानं डोळे उघडले आन माझ्याकडं न बघता आत टांगलेल्या रुळाकडं बघितलं. मला ते दिसलं. पण रूळ आत व्हता आन तो बाहेर.

"म्होठे?" तो म्हनला. तेवढाच शब्द निघाला.

"मुनशीजी? कुरुंद्याच्या वाटंवर. निघाले असतील आता माघारी. काहून, काय झालं?"

आता कुठं मी इचारलं. तो वळला. मला वाटलं पाणी प्यायला चालला. तो पळत सुटला, कुरुंद्याच्या वाटेनं.

"बघा," कंपाउंडर म्हनला, "तुझ्यापुढं बोलायला लाजतो."

त्यावर आमी पुन्हा हासलो. मी त्याच्या पळण्याची बी नक्कल केली, बसल्या जागी. मंग तहसीलदाराचं भांडण पुढं चालू केलं, कारण ते अर्धं ऱ्हायलं व्हतं.

घंट्याच्या वर झाला असंल. आमचे फुटाणे कवाच संपले व्हते. वाटेवर धूळ दिसली. मुनशीजीची दमणी अशी येत व्हती की बैलांच्या तोंडाला फेस. मुनशीजी, जे कधी चालताना बी घाई करत न्हाईत, ते दमणीत उभे व्हते, पागोटं हातात, आन लांबूनच वरडत व्हते, "चार! चार टोले!" त्यांच्या पायाशी येसकर बसला व्हता.

मी चार टोले मारले. माळावरून वडार पान खाऊन व्हायच्या आत आले, दोर, पहारी, फळ्या, चाक, सगळं घेऊन. इतकं सगळं इतकं जवळ व्हतं. डॉक्टरसाहेबाला घेऊन चाचाचा टांगा पुढं गेला, त्याच्यामागं पळत येसकर. मागच्या गाडीत वडार, दोर, मुनशीजी आन मी. कंपाउंडर कुठं गायब झाला ते दिसलंच न्हाई.

गाडीत मुनशीजीनं वडारांच्या म्होरक्याला सांगितलं तवा मला खबर कळली. त्या खेड्यात जुन्या इहिरीतला गाळ काढायचं काम चालू व्हतं. इहिरीची एक कड दगडांसकट खाली बसली. आत दोघं व्हते. एकजण पाय मोडून वर आला. दुसरा, बावीस-तेवीस वर्साचा पोरगा, दगडाखाली. जिता. बोलत व्हता. गावाचे लोक दगड उचलायला गेले तर वरचे दगड सरकायला लागले, म्हणून कुणी हात लावत न्हवतं. दगडाची जात वडारालाच कळते.

मुनशीजीनं मला इचारलं, "तो आधी ठाण्यावर आला व्हता का?"

"आला व्हता. पण काई बोललाच न्हाई."

यातला एक बी शब्द खोटा न्हवता. मुनशीजी माझ्याकडं बघत ऱ्हायले, मंग त्यांनी बैलांकडं तोंड केलं.

आमी पोचलो तवा इहिरीच्या काठावर सगळा गाव, आन कुणी बोलत न्हवतं. पोराचा बाप काठावर पालथा पडून खाली कान लावून व्हता. एक म्हातारी म्हनली, "आत्ताशी बंद झाला बापा आवाज. चिलीमभर येळ झाला असंल. तवरोक म्हणत व्हता, हलकं खांदा, माझा हात मोकळा हाय."

वडार खाली उतरले. एकेक दगड हातानं चाचपून, फळ्या ठोकत, दोर लावत. मी वर दोर धरला व्हता. हाताची सालं निघाली, मला बरं वाटलं. सूर्य बुडायच्या आत त्यांनी पोराला वर आणलं. डॉक्टरसाहेब खाली बसले, छातीला नळी लावली, डोळे बघितले. अंग अजून गरम व्हतं. डॉक्टरसाहेब उठले आन नळी गुंडाळायला लागले, त्यावरून सगळ्यांना कळलं.

मंग गावाला दुसरं कुणी तरी पायजे व्हतं. पाटील येसकराकडं वळला. "कुठं मेला व्हतास रे तू? दोन कोस जायला दीस लागतो व्हय?"

पोराचा भाऊ पुढं आला आन त्यानं येसकराच्या थोबाडीत मारली. येसकर बोलायला गेला. "म-म-म..." कुणीतरी मागून म्हनलं, "ह्याची तर जीभच पांगळी. ह्याला पाठवायचाच न्हवता." दुसरं म्हनलं, "दारूवर गेला असंल." तो कधी दारू पीत न्हवता. त्यानं एकदा बी माझ्याकडं बोट केलं न्हाई. बोट करायला जीभ लागत न्हाई, तरी केलं न्हाई.

मी तीन हातावर उभा. सगळ्या तालुक्याचे आवाज माझ्यापाशी. मुनशीजी माझ्याकडं बघून राहिले व्हते. मी खाली बसलो आन दोर गुंडाळायला लागलो. लई नीट गुंडाळला, वेढ्यावर वेढा.

चार दिवसांनी त्या खेड्याहून तंबाखूवाला आला, तो म्हनला, पाटलानं येसकराची काठी काढून त्याच्या चुलतभावाला दिली. काठी गेली म्हंजे काम गेलं, आन त्या घराला गावातून मिळणारी भाकर बी गेली. चुलतभाऊ कसा हाय? तर म्हनला, बोलतो चांगला, पण गुडघा धरलाय, पळत न्हाई.

त्या सांजेला मुनशीजीनं वही उघडली. इहिरीच्या दिवसाची जागा त्यांनी कोरीच ठेवली व्हती.

"म्हण," ते म्हनले.

"काय म्हणू?"

"येसकर ठाण्यावर आला. त्यानं काय सांगितलं ते म्हण."

"काईच न्हाई सांगितलं."

"बरं. मंग तू काय म्हनलास ते म्हण. कसं म्हनलास तसं."

मी म्हनलं, मला आठवत न्हाई. मुनशीजी म्हनले, "तुला दोन वर्साखालची शिंक आठवते." आन ते थांबले. कंदील पुसला न्हाई, पाठ केली न्हाई. माझ्याकडं सरळ बघत थांबले.

"ब-ब-बोला, मालक," मी म्हनलं. त्या खोलीत ते कसं ऐकू आलं, ते सांगता येत न्हाई. फुटाणे, वही वाजवणं, त्याचं रुळाकडं बघणं, सगळं सांगितलं. मला वाटलं मुनशीजी मला हाकलतील. मी त्याची वाट बघत व्हतो, हाकललं तर सुटलो असतो.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मी हे लिहितो. पण ही वही पाटील वाचत न्हाई. तू उद्या जा. मी गेलो तर ते म्हणतील, म्हातारा दया करून राहिला."

दुसऱ्या दिवशी मी चालत गेलो. चावडीत पाटील घोंगडीवर बसले व्हते, पाच-पंचवीस माणसं व्हती. पोराचा बाप खांबाला टेकून. मी म्हनलं, मला येसकराबद्दल सांगायचंय, तर पाटलानं त्याला बोलावणं पाठवलं. तो आला आन खाली, पायरीपाशी, उकिडवा बसला. हातात काठी न्हवती, हात कुठं ठेवावे ते त्याला कळत न्हवतं.

मी सांगितलं. "पाटील, चूक त्याची न्हाई. तो येळेवर आला व्हता. मी त्याला बोलू दिलं न्हाई."

पाटील हासले. "तुमी तर ते नकला करणारे ना? मुनशीजीनं पाठवलं व्हय? लई कनवाळू माणूस."

"न्हाई, खरंच सांगून राहिलो."

"बोलू दिलं न्हाई म्हंजे? तोंड दाबलं का त्याचं?"

"मी त्याची नक्कल केली. लोक हासले. मंग त्याला बोलता येईना."

"अहो, नकलेनं कुणाची खबर अडकते व्हय? माझी बी करता म्हणं तुमी. मी काय मुका झालो?" चावडी हासायला लागली. पाटलाला रंग चढला. "बरं, असं करा. कशी केली ते करून दाखवा. मंग मानतो."

मी येसकराकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत व्हता. मला वाटलं, तो न्हाई म्हणंल. मान तरी हलवंल. त्यानं काईच केलं न्हाई. न्हाई म्हणायचं तर मी म्हणायला पायजे व्हतं, आन मी न्हाई म्हनलो तर काठी चुलतभावापाशीच ऱ्हाणार व्हती.

मी केलं. त्याच्याच गावात, त्याच्याच समोर. धाप, मान, शिरा, काठीचा ठेका. आन मंग माझं, "ब-ब-बोला, मालक!" आन पुन्हा तो, तिन्ही खेपा, शेवटचा निस्ता वारा. कमी करून केलं असतं तर पाटलानं मानलं नसतं, असं मी मनाशी म्हनलं. पण खरं हे हाय की मला कमी करून करताच येत न्हाई.

आधी एक लेकरू हासलं. मंग सगळे. पाटलानं उपरण्यानं डोळे पुसले. "अरे असाच! अगदी असाच बोलतो रांडेचा! मानलं बाबा."

दोघं हासले न्हाईत. एक तो. दुसरा पोराचा बाप. तो खांबाचा आधार घेऊन उठला आन हळूहळू माझ्यापुढं आला. हासणं आपोआप कमी झालं.

"तो कुरुंद्याकडं पळाला," म्हातारा म्हनला. "मंग तुमी काय केलं?"

"काई न्हाई, बाबा."

"काई न्हाई कसं? माणूस काई तरी करतो."

"हासत बसलो."

"किती येळ?"

मी म्हनलं असतं, आठवत न्हाई. त्या म्हाताऱ्यानं मानलं बी असतं. "मुनशीजीची दमणी येस्तोवर," मी म्हनलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली, जसं कुणी वाटेचा पत्ता सांगितल्यावर हलवतात. "माझं पोरगं तवा बोलून राहिलं व्हतं," तो म्हनला. शिवी न्हाई, काई न्हाई. जाऊन पुन्हा खांबाला टेकला.

पाटील खाकरले. चुलतभावाला हाक मारली, काठी मागवली आन पायरीवर ठेवली. येसकरानं ती उचलली, टोकाची लोखंडी गुंडी अंगठ्यानं चाचपून बघितली, आन पाटलाला वाकून जोहार करून गेला.

मला कुणी बस म्हनलं न्हाई, जा बी म्हनलं न्हाई. मी निघालो. येशीपाशी तो दगडावर बसला व्हता, काठी गुडघ्यावर आडवी. इतक्या वर्सांत नक्कल सोडून मी त्याला कधी तुमी म्हनलं न्हवतं. "चुकलं माझं. तुमी..." इतकं म्हनलं आन हात जोडले. तो माझ्या बाजूनं वाटेकडं बघत व्हता, तिकडून कुणी येतंय का ते. त्यानं जोहार केला न्हाई. मी वळलो आन दोन कोस चालत ठाण्यावर आलो.